येश्चो रास

उस्ताद, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला तुमची रशियन चार शब्दांपलीकडे कधी आली नाही. तरी लिहितोय, कारण आपल्या ट्रेनिंग शॉपबद्दल बोलायला आता कुणी उरलेलं नाही. काल तिथले बाक उखडले. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाशी नवा करार झालाय, पोरं आता संगणकाच्या पडद्यावर लोखंड कापणार. जुना मास्तर म्हणून नव्या कामाच्या मुहूर्ताचा दिवा लावायला मला बोलावलं होतं. मी तो लावला आणि जुनवानीला घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो.

तो पहिल्या आठवड्यातला दिवस आठवतो. बाहेर तुमच्या देशाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहतोय, शॉपच्या काचा सारख्या थरथरताहेत. तुम्ही तिकडच्या कॉलेजातले मास्तर, आणि भंडाऱ्याकडून आलेल्या आमच्यासारख्या पोरांना कानस धरायला शिकवताय. नेमका दुभाषा आजारी. तुम्ही माझ्या लोखंडी ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरता, मधून उजेडाची बारीक रेघ दिसते, म्हणजे कड अजून सरळ नाही. "येश्चो रास," म्हणता आणि पुढे जाता. मी शेजारच्या गड्याला विचारलं, "काय म्हणून राहिला बे हा?"

"रास म्हणते ना. खळ्यावर धानाची रास पाडतो ना आपण, तशी पाड म्हणते."

झालं! आम्ही दिवसभर घासत सुटलो. संध्याकाळी बाकावर लोखंडाच्या किसाची छान टोकदार रास होती आणि ठोकळ्याची पार वडी झाली होती. तुम्ही असे भडकलात की आम्हाला वाटलं, रास कमी पडली. दुसऱ्या दिवशी दुभाष्यानं उलगडा केला, 'येश्चो रास' म्हणजे पुन्हा एकदा कर. मग तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात, किसात बोटं खुपसलीत आणि म्हणालात, "रास!" तुमचा पहिला मराठी शब्द तो.

पुढे तुम्हीच ठरवलंत की मी तुमच्या कॉलेजात जायचं, तिथल्या पोरांसोबत यंत्रावर शिकायचं आणि परत येऊन हा शॉप चालवायचा. दोन्हीकडची बोलणीही झाली. बाबा रेल्वेत गँगमन होते, दुर्ग लाइनवर. त्यांनी आपला रेल्वेचा गरम कोट दुर्गच्या शिंप्याकडून माझ्या मापाचा करून घेतला. तेवढ्यात वरून निरोप आला, फक्त पदवीवाले जातील. तुम्ही साहेबांच्या खोलीत जाऊन भांडलात, लालबुंद होऊन बाहेर आलात. तुमची मुदत संपली तेव्हा दुर्ग स्टेशनवर माझा हात धरून एवढंच म्हणालात, "येश्चो रास." वर पुन्हा एकदा विचारून बघ, असं.

मी विचारत राहिलो. कोट खुंटीला लटकत राहिला आणि बाबा कुडकुडत लाइनवर जात राहिले. "घाला ना बाबा," म्हटलं की म्हणायचे, "तो तुह्या मापाचा झाला आता. मले कायले पाहिजे? तुले जाचं हाय ना." बाबा तो कोट न घालताच गेले. काही वर्षांनी तुमच्या देशातून आलेल्या एका साहेबानं कँटीनमध्ये सहज सांगितलं की तुम्हीही गेलात. मी ताटातलं सगळं संपवलं, हात धुतले आणि शॉपवर परत गेलो.

त्याच बाकावर मी मास्तर झालो. तुम्ही शिकवलंत तेवढंच शिकवलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुढचं जे शिकून यायचं होतं ते राहिलंच, आणि होतं तेही काल भंगारात गेलं. एक मराठी पोरगा प्रेमानं हिंदीतच म्हणाला, "दादाजी, अब हाथ से कौन करता है?" त्याचं काय चुकलं? मला राग आला नाही, याचंच मला फार वाईट वाटलं.

आज सकाळी बाल्कनीत कानस घेऊन बसलो. एका ठोकळ्याची कड घासली. गुण्या लावून ठोकळा उजेडाकडे धरला, तर फटीतून समोरची इमारत दिसली. सवयीनं तोंडातून 'येश्चो रास' निघालं, पण हात काही उठला नाही.

हे पत्र कुठे टाकणार? त्या कोटाच्या खिशात ठेवतो. एक मात्र कबूल करायला हवं. तुमच्या भाषेतले माझे चारही शब्द काम सुरू करायचे आहेत. 'पुरे, ठेव आता खाली' याला तुमच्यात काय म्हणतात, ते मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.