‘पुस्तक-पारख’ मासिकास सोपा न देण्याबाबत

शके १८३८, नलनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी. लिहून ठेवणार झुंबरबाई कोम केरबा जिनगर, वय अदमासे सत्तर, धंदा पुस्तकबांधणी, राहणार रविवार पेठ, करवीर. माझी अक्कलहुशारी शाबूत आहे. कुणी काही पाजलेलं नाही, कुणी हात धरलेला नाही. म्हातारीला भ्रम झाला असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आधी हे सगळं वाचावं आणि मग तोंड उघडावं.

लिहितो आहे जोतीराम, कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. मला ठळक बाळबोध वाचता येतं आणि लिहिता येतं ते सहीपुरतं. म्हणून हे बाळबोधातच लिहवून घेते आहे. मोडीत कुठली रेघ कुणाच्या बाजूला वळली हे मला कळत नाही, आणि जोतीरामाची माझी ओळख चार महिन्यांची. लिहून झालं की तो वाचून दाखवतो. तो गेला की शेजारचा रशीद अत्तार तेच वाचून दाखवतो. दोघांचं अजून तरी जुळलं आहे.

जोतीराम म्हणतो, मृत्युपत्रात खाडाखोड दिसली की कोर्टाला संशय येतो. तेव्हा लिहिलेलं खोडायचं नाही. मन फिरलं तर खाली नवं कलम घालायचं.

कलम १. घर माझं आहे. नवऱ्याचं नव्हे. तो सरकारी पागेसाठी खोगिरं शिवायचा आणि मिळेल ते उडवायचा. तो वारल्यावर त्याच दाभणाने मी शाळेची पुस्तकं, कचेरीच्या वह्या बांधल्या आणि हे घर घेतलं. घराच्या पूर्वेस रशीद अत्ताराचं दुकान, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस रस्ता. उत्तरेची भिंत शेजाऱ्याने परसात वीतभर पुढे घेतली आहे. मी गेल्यावर तो ती आणखी सरकवील, म्हणून माझा कारागीर मौलाली याने माझ्यादेखत वीत मोजून कोपऱ्यात दगड पुरला आहे. कुठे ते मौलालीला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.

कलम २. पुस्तकं दाबायचा शिकंजा, दाभणं, रापी, आरी, पाठी चिकटवायच्या सरसाचं भांडं आणि उरलेलं कातडं मौलालीला द्यावं. वीस वर्षं तो माझ्या हाताखाली पुस्तकं बांधतो आहे. त्याच्या हातून टाका चुकत नाही. तोंडाळ आहे, पण तोंडाने पुस्तक बांधत नाहीत.

कलम ३. माझी सून बनाबाई, माझ्या वारलेल्या यशवंताची बायको, नातू गुंडूची आई. तिला मागची खोली, तांब्याचा हंडा आणि माझ्या दोन्ही पाटल्या. पाटल्यांचं वजन तिला माहीत आहे. मी आजारी पडले की उशी सारखी करायच्या निमित्ताने ती हातावरून बोट फिरवते.

कलम ४. आता सोप्याबद्दल. दाराशीच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, नऊ वर्षं ‘पुस्तक-पारख’ नावाचं मासिक चालतं. सोळा पानी. नव्या पुस्तकांवर अभिप्राय छापायचे एवढाच त्यांचा उद्योग. संपादक गणपतराव, शाळेत मास्तर. दुसरा बाळासो, दफ्तरात कारकून. दोघांनी मिळून गावोगावच्या लेखकांची झोप उडवून ठेवली आहे.

सोपा मी फुकट दिला होता. म्हटलं, पुस्तकं येतील तर बांधायला माझ्याकडेच येतील. आली. आणि तिथूनच मला यांचा संशय आला. पुस्तक छापखान्यातून येतं तेव्हा त्याची पानं जोडलेली असतात. वाचणाऱ्याने ती सुरीने कापायची. यांच्याकडे अभिप्राय छापून झालेली पुस्तकं माझ्याकडे पक्क्या बांधणीला यायची, तेव्हा मी कडेवरून अंगठा फिरवायचे. प्रस्तावना कापलेली. शेवटची चार पानं कापलेली. मधलं सगळं कोरं, कुणी बोट न लावलेलं. आणि अभिप्रायात लिहिलेलं, की मधला भाग रटाळ आहे. गणपतरावांना विचारलं तर म्हणाले, अनुभवी वाचकाला वासावरून कळतं. मी म्हटलं, वासावरून मलाही कळतं, पण ते सरसाचं.

कलम ५. माझा नातू गुंडू याने ‘थोरल्या आत्या’ नावाची कादंबरी लिहिली. लिहिताना मी त्याला सांगितलं होतं, प्रत्येक प्रकरण बरोबर सोळा पानांत बसव. सोळा पानांचा कागद एकदम छापतात, त्याला फर्मा म्हणतात. प्रकरण संपलं की फर्मा संपला, म्हणजे जसजसं जमेल तसतसं छापून ठेवता येतं. त्याने ऐकलं. प्रकरणांना आकडे न घालता नावं दिली, ती मात्र माझ्या सांगण्यावरून नव्हे.

पुस्तक निघालं. पुढच्याच महिन्यात ‘पुस्तक-पारख’मध्ये अभिप्राय आला. खाली नाव ‘तटस्थ’. बनाबाईने मोठ्याने वाचला. त्यात होतं, की आत्या एका प्रकरणात मरते आणि पुढच्याच प्रकरणात चुलीपुढे बसून भाकरी थापते, सबब लेखकाने आपलंच लिखाण पुन्हा वाचण्याची तसदी घेतलेली दिसत नाही. सहाव्या ओळीला मी तो अंक तिच्या हातातून ओढला आणि चुलीत घातला. कारण आत्या एकदाच मरते. मला सबंध कादंबरी गुंडूने स्वतः वाचून दाखवली होती. भाकरी आधी, मरण मागाहून.

पेठेत पोरंटोरं त्याला विचारायला लागली, “गुंड्या, आत्या उठली का रं?” तालमीत विचारायची, पाणवठ्यावर विचारायची. त्याने संपादकाला पत्र लिहिलं, की असं पुस्तकात नाहीच. गणपतरावांनी छापलं नाही. म्हणाले, सगळे लेखक असंच लिहितात. गुंडूने दुसरी कादंबरी अर्धी झाली होती ती बांधून माळ्यावर टाकली, बायको आणि मुलगी घेऊन हातकणंगल्याच्या स्टेशनावर मालधक्क्याची नोकरी धरली. तीन वर्षं झाली. दिवाळीलासुद्धा मुलीला धाडतो, स्वतः येत नाही.

‘तटस्थ’ कोण ते गणपतराव सांगत नाहीत. “आजी, संपादकाचं तोंड शिवलेलं असतं,” म्हणतात. शिवण कुणी घातली ते मला कळलं पाहिजे. माझा संशय बाळासोवर आहे. त्याची स्वतःची कादंबरी कुणी छापायला घेतली नाही. दुसऱ्याची छापली गेली की पोटात दुखतं, आणि न वाचता लिहायची या घराण्याची रीत आहेच.

सबब सोपा ‘पुस्तक-पारख’ला देऊ नये. मी जिवंत असतानाच रिकामा करून घ्यावा. कपाटं, पुस्तकं, पाटी, सगळं रस्त्यावर.

कलम ६. सोपा, माजघर आणि माळा गुंडूला. तो परत येवो न येवो.

येथवर लिहून झालं आणि सोपा रिकामा करायचा निरोप गेला. पुढचं कार्तिक वद्य नवमीनंतर लिहिलं आहे.

कलम ७. वरती बाळासोबद्दल लिहिलं ते खोडता येत नाही, म्हणून घडलं तसं लिहविते.

बाळासो हातगाडी घेऊन पुस्तकं न्यायला आला. जोतीराम इथेच लिहीत बसला होता. मी बाळासोला समोर बसवलं आणि विचारलं, “तो तटस्थ म्हंजे तूच न्हवं?”

मला वाटलं होतं आढेवेढे घेईल. तो म्हणाला, “व्हय आजी. मीच.”

“वाचलंतास का ते पुस्तक?”

“दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून वाटलं, माझंच कुठं तरी चुकतंय. म्हणून दुसऱ्यांदा वाचलं.”

मी म्हटलं, दाखव. त्याने कपाटातून गुंडूची कादंबरी काढून हातात दिली. अभिप्रायासाठी दिलेली तीच प्रत. मी कडेवरून अंगठा फिरवला. सगळी पानं कापलेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सुरी कुठे घसरलेली नाही. जोतीराम म्हणाला, समासात पेन्सिलीने बारीक टिपणंही आहेत, काही ठिकाणी ‘उत्तम’ असं लिहिलं आहे. ‘उत्तम’ अभिप्रायात का नाही आलं, मी म्हटलं. बाळासो म्हणाला, शेवटी होतं, तुम्ही शेवटपर्यंत वाचलं नसेल. ते खरं. सहाव्या ओळीपुढचं चुलीने वाचलं.

मग मी पुस्तकाच्या पाठीला हात लावला. टाका माझा होता.

ही एकच प्रत मी माझ्या हाताने बांधली होती. नातवाचं पुस्तक, पहिली प्रत, मौलालीला शिवू दिली नाही. बाकीच्या सगळ्या त्याने बांधल्या. मी जोतीरामाला पानांचे आकडे वाचायला सांगितले. त्रेसष्ट, चौसष्ट, एक्क्याऐंशी. पुन्हा वाच म्हटलं. एक्क्याऐंशी. माझा विश्वास बसेना, रशीदला हाक मारली. तोही एक्क्याऐंशीच म्हणाला. शहाण्णव झाल्यावर पासष्ट आलं, आणि ऐंशीनंतर सत्त्याण्णव.

सहावा फर्मा मी पाचव्याच्या आधी शिवला होता. आत्या त्या प्रतीत खरंच आधी मेली होती आणि मागाहून भाकरी थापत होती. बाळासोने जे होतं तेच लिहिलं.

आकडे बघून तुला कळलं नाही का, असं मी त्याला दटावलं. तो म्हणाला, आपल्याकडच्या छपाईत आकडे नेहमीच चुकतात, आणि पानांचे आकडेही चुकले आहेत असं त्याने अभिप्रायात लिहिलं होतं. शेवटच्या ओळीत. पुन्हा चूल.

गाडी रिकामीच परत पाठवली.

कलम ८. चूक कशी झाली ते स्पष्ट लिहावं. फर्म्याचा क्रम त्याच्या पहिल्या पानाच्या पायथ्याशी बारीक आकड्यात छापलेला असतो. तो आकडा मला पाच वर्षांपासून दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बनाबाईने माझ्या हातातलं दाभण काढून घेतलं असतं आणि मला दारात बसवून तांदूळ निवडायला दिले असते, तेही पुन्हा स्वतः निवडले असते. मी थप्प्या अंदाजाने लावत होते. मौलालीला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. विचारलं नाही. त्याला संशय आला असता.

तीन वर्षं मी बाळासोला शिव्या दिल्या, गुंडूने बाळासोला दिल्या, आणि पेठेने गुंडूला. शिवण माझी होती.

कलम ९. सोप्याबद्दल कलम ४ आणि ५ रद्द. सोपा माझे पश्चात ‘पुस्तक-पारख’ने मासिक चालेल तोवर वापरावा. अटी येणेप्रमाणे. वरचं कलम ७ आणि ८ मासिकाच्या पहिल्या पानावर छापावं. गणपतराव मास्तर आहेत, ते भाषा सुधारतील आणि सुधारता सुधारता माझी चूक छापखान्याची करून टाकतील, तेव्हा एक अक्षर बदलू नये. त्याच अंकात गुंडूचं जुनं पत्र छापावं. ते त्यांनी फाडलं नसेल, मास्तर कागद फाडत नाहीत. हे होईपर्यंत सोप्याची किल्ली मौलालीकडे. आणि यापुढे ज्या पुस्तकावर लिहायचं त्याची सगळी पानं कापलेली मौलालीला दाखवायची. बाळासोला ही अट लागू नाही. गणपतरावांना आहे.

कलम १०. हे रशीद वाचून दाखवत होता. वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, “झुंबरआजी, हे गुंडूला कवा कळणार?”

“मी गेल्यावर. मृत्युपत्र हाय.”

“म्हंजे तवर त्यानं त्या मालधक्क्यावर बसायचं?”

मी त्याला अत्तराच्या दुकानात लक्ष घालायला सांगितलं. तो गेला. पण बोलला ते बरोबर होतं. हे कागदात घालून कुलपात ठेवलं, की ते उघडेपर्यंत मी ओरडा खायला शिल्लक राहणार नाही. तसा हिशेब माझ्या मनात आधीपासून होता असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

मी जोतीरामाला विचारलं, मृत्युपत्र मालकाच्या जिवंतपणी कोण वाचू शकतं. तो म्हणाला, साक्षीदाराने वाचलंच पाहिजे असं नाही, पण वाचून सही केली तर कुणी अडवत नाही. मात्र साक्षीदाराला मिळकत दिली असली तर ते कलम फुकट जातं, असं त्याने वकिलाकडून ऐकलं आहे. वकिलाचं ऐकीव आणि जोतीरामाचं सांगणं, दोन्हींवर भरवसा ठेवायला मला वेळ नाही. म्हणून धोका नको.

कलम ६ रद्द. गुंडूला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. एक वीटसुद्धा नाही. सोप्यावरची मालकी, माजघर आणि माळा त्याच्या मुलीला, जिला घरात आक्का म्हणतात. माळ्यावर बांधून टाकलेले कागद ज्याचे त्याचे आहेत, ते माझ्या मिळकतीत येत नाहीत.

गुंडूने साक्षीदार म्हणून सही करावी, आणि वाचल्याशिवाय करू नये. मौलाली हे कागद घेऊन उद्याच्या गाडीने हातकणंगल्यास जाईल. त्याने कागद हातात द्यावेत आणि काही बोलू नये. हे त्याला अवघड जाईल.

कलम ११. मौलाली परत आला, कागद घेऊन. सही नव्हती. म्हणाला, गुंडूने पहिलं पान बघितलं, आजीला काय झालंय विचारलं, काही झालेलं नाही म्हटल्यावर कागद परत दिले आणि मालगाडीच्या वाघिणी मोजायला गेला. मला वाटलं होतंच. मासिकाचं नाव वरच दिसलं असणार. मी बनाबाईला बोलले, की झालं, आता दुसरा साक्षीदार बघा.

तीन दिवसांनी दुपारी तो आला. पायताण काढलं नाही, उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, आणा ते. जोतीरामाने कागद दिले. वाचत होता तेवढा वेळ मी दोरा मेणावर ओढत बसले, बांधायला पुस्तक नव्हतं तरी. कलम ८ पाशी त्याचं पान उलटायचं थांबलं. कसं कळलं, तर कागदाचा आवाज बंद झाला.

“डोळ्यांचं हे कवापासनं हाय, आजी?”

“लिवलंय तिथं. वाच.”

मग त्याने दौत मागितली. मी म्हटलं, आधी पुरं वाच, मग सही कर. तो म्हणाला, पुरं झालं. त्यावर माझा विश्वास नाही, पण पुढचं त्याला मीच सांगितलं.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतःच्या मर्जीने लिहवून, दोघांकडून ऐकून, बरोबर असल्याची खात्री करून पुरं केलं. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी आणून दाखवलं तर ते खोटं समजावं.

मुक्काम करवीर, शके १८३८, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया.

सही: झुंबरबाई कोम केरबा जिनगर, सही दस्तुर खुद्द. अक्षर वाकडं आहे, ते माझंच आहे.

दस्तुर: जोतीराम, अर्जनवीस.

साक्ष:

१. रशीद वलद इब्राहीम अत्तार, धंदा अत्तरविक्री, राहणार रविवार पेठ, करवीर. दररोजचा मजकूर वाचून दाखवला.

२. गुंडू बिन यशवंत जिनगर, वय तीस, धंदा नोकरी व लेखन, राहणार तूर्त हातकणंगले. सर्व वाचून सही केली.