देवघरातलं पाकीट

आई,

लानताईंची स्तनांची तपासणी झाली आणि रिपोर्ट क्लिअर आला. पण कुणाला सांगायचं नाही अशी शपथ त्यांनी मला घातलीय, त्यामुळे हे घडलेलंच नाही.

न घडलेली गोष्ट अशी. खालच्या नेलबारच्या, म्हणजे नखं रंगवायच्या दुकानाच्या, आपल्या लानताईंनी तपासणीचं पत्र वर्षभर न उघडता पूर्वजांच्या फोटोपुढे ठेवलं होतं, शेजारी दोन संत्री. उघडलं तर इंग्रजी, आणि फोनवरचा दुभाषी पुरुष. त्याला बाई काय सांगणार? मग बायकांना तपासणीला न्यायला मदत करणाऱ्या आमच्या ग्रुपने व्हिएतनामी बोलणारी दुभाषी बाई शोधली, तेव्हा गेल्या. आज दुकानातल्या तिघींनाही नेतायत.

तुझंही तपासणीच्या पत्राचं पाकीट काल देवघरात सापडलं, हळदकुंकू लावलेलं. गणपतीला इंग्रजी येत असेलही, पण अपॉइंटमेंट तुझ्या नावावर आहे. मी ते फोडलं, सॉरी. आज अकरा वीसची वेळ मिळालीय, सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या तपासणीच्या व्हॅनमध्ये. लानताई अकराला बेल वाजवतील. म्हणाल्या, "युअर मम स्केअर्ड? मी टू. वी गो टुगेदर."

नलूमावशीला गाठीचं फार उशिरा कळलं होतं, हे मी इथे लिहीत नाहीये.

त्या सगळ्या तिकडे जाणार म्हणून मी त्यांच्या दुकानात फोन उचलायला बसलेय. कुणाच्याही नखांना हात लावणार नाही, असं लेखी घेतलंय माझ्याकडून.

स्वराली

ता.क. व्हॅनवाल्यांना अर्ज केलाय: सदर मशीनमध्ये एका वेळी दोन महिला मावतील अशी व्यवस्था तातडीने करावी, जेणेकरून अर्जदाराच्या मातोश्रींना मैत्रिणीचा हात सोडावा लागणार नाही.