आपलीच माणसं आहेत ती

११ नोव्हेंबर

हो म्हणून बसले! आता झोप कुठली येणार.

सरावासाठी वरून आलेल्या साहेबांनी दुपारी बोलावलं. समुद्रकिनाऱ्याच्या सुरक्षेचा सराव परवा. पद्धत नेहमीचीच — आपलेच दोन शिपाई साध्या कपड्यांत, अतिरेकी म्हणून होडीतून उतरणार, हातात डमी बॉम्ब. गावकऱ्यांनी ओळखायचं, खबर द्यायची. पण या वेळी साहेबांना वेगळं काही पाहायचंय. "सूर्यवंशी, तो कोळीवाडा तुमच्या शब्दावर चालतो म्हणे. बघू या. तुम्ही 'आपली माणसं' म्हणालात की लोक डोळे मिटतात का."

म्हणजे माझ्या बीटवरच्या गावाला मीच फसवायचं. आणि सराव संपेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, कारण हाच डाव पुढच्या गावांतही खेळायचाय.

नाही म्हणता आलं असतं. निदान कुरकुर तरी! पण मला माज. मनात म्हटलं, खेळा की. कोळीवाड्यातली माझी रत्नामावशी फसायची नाही. साहेबांचंच तोंड उतरेल.

१२ नोव्हेंबर

सारखं आठवतंय. दोन वर्षांपूर्वी या बीटवर आले तेव्हा बंदरावर पोलिसांची गाडी दिसली की बायका पाठ फिरवायच्या. पोलीस यायचे ते दारू पकडायला नाहीतर कुणाचा मुलगा उचलायला, दुसरं काम काय! मी लातूरकडची, मासळीच्या वासाने डोकं धरणारी. भरतीत चपला भिजल्या नि मी मूर्खासारखी उभी. तर ही रत्नामावशी बोंबील वाळत घालता घालता म्हणाली, "पोलीस हाय, पन पाय भिजलेत बिचारीचे. बस गं."

मी बसले, तिथून सगळं सुरू झालं. बायकांचं सुरक्षा पथक झालं. रत्नामावशी त्याची मुख्य. चमकणारं हिरवं जाकीट आणि शिट्टी. जाकीट घालूनच मासळी विकायला बसते! गिऱ्हाईक हसलं की शिट्टी वाजवून दाखवते.

पोलीस कंट्रोल रूमचा नंबर दिला होता, पण बायका घाबरल्या. "तिकडं कोन असंल, काय इचारंल!" मग मीच म्हटलं, बरं, मला करा. तेव्हा किती अभिमान वाटला होता मला.

१३ नोव्हेंबर

केलं.

दुपारी भरतीला फोन आला. ठाण्यात साहेब समोर, फोन स्पीकरवर. "ताय, दोघं उतरलेत खाडीकडं. आपल्या बंदराचे नायत. बूट घालून चिखलात! एकानं पिशवी छातीशी धरलेय."

किती बरोबर सांगितलं! मला टाळी वाजवावीशी वाटली. साहेबांनी नुसती भुवई उचलली. आणि मी म्हणाले —

"मावशी, आपलीच माणसं आहेत ती."

मग, "तुजी हायत? मंग ठीक हाय. चा देते त्यांना."

फोन ठेवला. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

संध्याकाळी त्या दोघांतला मिथुन भेटला. हसत होता. "ताई, बिस्किटं पण दिली हो मावशींनी! पिशवी जड दिसते, कुणाला बरोबर देऊ का, विचारत होत्या." बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी डमी बॉम्बचा डबा ठेवला, फोटो काढला, खेळ खलास. मिथुन वाईट नाही. शेवटी त्याचंही हसू गेलं.

१४ नोव्हेंबर

जाळी विणतात त्या शेडमध्ये बैठक. अख्खं गाव. साहेबांनी फोटो दाखवला — डबा, आणि शेजारी रिकामे चहाचे कप. "बॉम्ब ठेवणाऱ्यांना पाहुणचार! रत्नाबाई कोण?"

उभी राहिली. जाकीट घालून आली होती. धुऊन.

"माणसं अनोळखी दिसली ना? मग फोन का नाही केला कुणाला?"

साहेबांना सगळं ठाऊक. फोन त्यांच्यासमोरच आलेला! पण तो डाव फोडायचा नाही, म्हणून गावासमोर हे नाटक. मी भिंतीला टेकून उभी. मावशीने माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मला वाटलं, आता सांगते — केला होता फोन, या बाईलाच केला होता.

"फोन बंद पडलेला, सायब. माजीच चूक हाय."

लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "मावशी, बॉम्बला साखर किती?" पुन्हा हशा. पोलीस पाटील म्हणाले, हे काम तरुणांचं. जाकीट आणि शिट्टी मेहुलकडे दिली. मेहुल कॉलेजात जातो, बरा पोरगा आहे, त्यालाच अवघडल्यासारखं झालं. मावशीने जाकिटाची घडी घालून दिली.

मी काही बोलले नाही. हुकूम होता ना!

१५ नोव्हेंबर

ती खोटं का बोलली?

१७ नोव्हेंबर

सराव कालच संपला. बंदी उठली. आज ठरवूनच गेले, पहिल्या वाक्यातच सांगायचं.

पण मावशीच आधी बोलली. हात धरून वलाणीच्या काठ्यांवर टांगलेल्या बोंबलांच्या आड नेलं. "हे बघ, कुनाला सांगू नको हां, मी तुला फोन केलेला म्हनून. तू फसलीस त्या मेल्यांना, तुला वाटलं आपले हायत. व्हते चूक. पन सायबांना कळलं तर तुजी नोकरी जायल. माजं काय, जाकीटच गेलं ना!"

देवा! म्हणजे हिला वाटतंय मी फसले. आणि मला वाचवायला तिने अख्ख्या गावात स्वतःचं हसं करून घेतलं.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. आणि काय बाहेर पडलं? "मावशी, तुझे उपकार कसे फेडू." हे शब्द लिहितानाही लाज वाटते. लाज वाटते.

निघताना सुक्या बोंबलांची पिशवी दिली. माझ्या नवऱ्याला, धीरजला, आवडतात म्हणून.

१८ नोव्हेंबर

बोंबील शेजारणीला देऊन टाकले.

२३ नोव्हेंबर

धीरज कंपनीतून आला, जेवताना विचारलं, "बोंबील कुठे गेले?" मग सगळं सांगितलं. त्याने ताटातला हात थांबवला. मला वाटलं समजूत घालेल, हुकूम होता, तू काय करणार वगैरे. तेच ऐकायचं होतं मला.

म्हणाला, "सोळा तारखेपर्यंत हुकूम होता. सतराला काय होतं?"

भांडले त्याच्याशी. उगाच. तारापूरला दिवसभर भट्टीसमोर उभा असतो माणूस, आणि वर माझी चिडचिड.

बीटवर जाते, मावशी हाक मारते, मी "घाई आहे" म्हणते. दोन वर्षांत मला कधी घाई नव्हती. लोक अजून तिला चहावाली म्हणतात. बाजारात एक बाई तर मासळी घेता घेता म्हणाली, "चहा फुकट का गं?" मावशी हसली. मी पुढे गेले.

१ डिसेंबर

सांगितलं.

बोंबील उलटे करत होती. मी आडवळण घेतलं नाही. म्हटलं, मावशी, मी फसले नव्हते. मला आधीपासून माहीत होतं. मला सांगितलं होतं तसं बोलायला. तुझा फोन साहेब ऐकत होते.

तिचा हात थांबला नाही. एक रांग पूर्ण केली. मग म्हणाली, "तुला म्हायीत व्हतं?"

"हो."

"शेडमधी पन?"

"हो."

"आनि त्या दिशी, मी तुला इथं उभं करून सांगितलं — तवा पन?"

यावर हो म्हणायला फार वेळ लागला मला.

"मंग मी वाचवली कुनाला?" असं म्हणाली. माझ्याकडे न बघता. रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, गावासमोर सांगते, जाकीट परत मिळवून देते. ती म्हणाली, "नको. जाकीट काय करायचंय."

बस म्हणाली नाही. उभीच होते, मग आले.

९ डिसेंबर

तिने नको म्हटलं तरी आज शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. हशा झाला नाही. बायकांनी ऐकून घेतलं आणि एकेक करून उठून गेल्या. मावशी आलीच नव्हती. ठाण्यात कुणीतरी कळवलं, बोलणी खाल्ली. त्याचं काही वाटलं नाही.

२ जानेवारी

महिनाभर बंदरावरून एकही फोन नाही. मोबाईल नीट चालू आहे. धीरजकडून करून पाहिला.

४ फेब्रुवारी

सुजित आणि भाग्येश, नवीन भरती. वर्दी अजून शिवून यायची, साध्या कपड्यांतच होते. बीट दाखवायला बंदरावर नेलं. पोहोचतो तोच ठाण्यातून फोन — "सूर्यवंशी, कंट्रोलला खबर आलीय. तुमच्याच बंदरावर. दोन अनोळखी पुरुष, बूट घातलेले, सोबत वर्दीतली एक बाई. बाईचं नाव सांगितलं नाही. जाऊन खात्री करा."

वर पाहिलं. बोंबलांच्या काठ्यांपाशी रत्नामावशी, कानाला फोन. आमच्याकडेच बघत होती.

जवळ गेले. म्हटलं, मावशी, आपलीच माणसं आहेत. या वेळी खरंच.

"कारड दाखवा, म्याडम," ती म्हणाली.

मी खिशात हात घातला आणि ओळखपत्र काढून दिलं. तिने आधी फोटो पाहिला, मग माझं तोंड.