परत आलेले दोन दिवे

कुरखेडा, जि. चांदा
मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, मंगळवार
ता. १८ डिसेंबर १९५६

चि. सौ. प्रेमिला हीस इंदुताईचे अनेक आशीर्वाद.

पार्सल परत पोचलं. सोडवायला एक रुपया दोन आणे पडले. आत होतं ते असं : भिंतीवर टांगायचे मातीचे दिवे दोन, टोप्यांसकट, पैकी एकाचा कोपरा उडालेला. तिळाचे लाडू वीस, खवट झाले होते, गाईला घातले. माझं पत्र एक, न फोडलेलं. भोवतीची तणस, धानाचा पेंढाच तो, झटकून ठेवली आहे, कामी येईल.

इकडे देवाच्या कृपेने ठीक. धान घरात आलं. यांचा खोकला उतरला आहे, शाळेत जातात. तुझ्या गुडघ्याला एरंडेल लावतेस की नाही?

पार्सल परत केलंस याचा मला राग नाही. ज्या घरात तुझी मनकर्णा भाजली, त्या घरातून मी तुला दिवे पाठवले. असं शहाणं माणूस करत नाही. मी तेवढं जाणायला हवं होतं.

पण ते दिवे मी हातांनी केले आहेत, हे तुला ठाऊक नसणार. आमच्या मागच्या आळीत गुणाबाई कुंभारीण आहे. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, मला एक दिवा करायचा आहे, भिंतीला पक्का टांगलेला, पुढून मातीचा आडोसा असलेला. ती म्हणाली, "चाकावर असा नाई होत, बाई. तुले पाटीच लाटा लागन." तळ्याची माती चाळून, राख मिसळून, मळून दिली तिने. मी घरून पोळपाट-लाटणं नेलं. दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्या ठेवायच्या आणि मधे माती लाटायची, म्हणजे जाडी सारखी येते. आळीतल्या बाया बघायला जमल्या. गुणाबाई म्हणते, "पाहा व, मास्तरीणबाई आता मातीच्या पोळ्या लाटून राह्यली! मास्तर खाते का हे?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पुष्कळ दिवसांनी.

एक पाटी सपाट, भिंतीकडची, तिला खिळ्यासाठी भोक. दुसरी ओली असतानाच मुसळावर वाकवायची, म्हणजे अर्धगोल होते. तो पुढचा आडोसा. त्याला काडीने बारीक भोकं पाडायची, त्यातून उजेड येतो. तळाला घासलेटची चिमणी ठेवायला लहान पाटी. पहिले तीन दिवे मी उन्हात ठेवले, ते पापडासारखे वळले. चौथ्याला सपाट पाटी आदल्या दिवशी करून ठेवली, ती वाळली, आणि आडोसा जोडला तो सकाळी सुटून पडला. गुणाबाई म्हणाली, "दोनी ओल्या असल्या त जुडतेत, बाई. एक वाळली का मंग किती बी गारा लाव, नाई जुडत." पुढचे मी ओल्या गोणपाटाखाली सावलीत वाळवले, आठ-आठ दिवस. तिच्याच आव्यात, मडक्यांच्या भट्टीत, भाजले. आजवर अकरा घरी दिले. कोणाकडून काही घेतलं नाही.

दिव्यासोबत एक मातीची टोपी आहे, लांब दांड्याची, पळीसारखी. ती वातीवर पालथी घातली की ज्योत आपोआप शांत होते. फुंकर नको, काही नको.

त्या टोपीसाठीच मी हे सगळं शिकले, प्रेमिला. गुणाबाईने विचारलं, "टोपी काऊन?" तिला मी सांगितलं. तुला दोन वर्षं सांगितलं नाही.

परवा केवळराम आला. भाऊ आला म्हणून भात टाकला. जेवताना म्हणाला, "बाई, प्रेमिलाच्या घरचे तिले रोज ऐकवतेत, पोरगी धांदरट होती म्हून. आता प्रेमिलाच म्हणते, मीच तिले धांदरट वाढवली, दिवा पाडला तिनं. रोज रडते. तू जात नाई, ती बोलावत नाई. तुमच्या दोघीत मी निरोप्या झालो." माझा घास तसाच राहिला.

दिवा मनकर्णाने पाडला, हे तुम्हाला मी सांगितलं होतं. तिने दिवा पाडला नव्हता.

तू पोर माझ्याकडे शिकायला ठेवलीस. माझी कूस रिकामी, म्हणून मी तिला फार जपलं, फार वळणही लावलं. त्यात एक वळण हे, की दिव्यावर फुंकर मारायची नाही. तोंडाची उष्टी हवा अग्नीला लावायची नाही. देवाजवळचं निरांजन असो की घासलेटची चिमणी, ज्योत ती ज्योत. पदराने वारा घालून मालवायची. आई आपल्याला हेच सांगत असे. एकदा मनकर्णाने फुंकर मारली तेव्हा मी तिच्या हातावर चापट मारली होती, आणि देवापुढे नाक घासायला लावलं होतं.

कार्तिक होता. मी काकडआरतीला निघाले तेव्हा चिमणी कोनाड्यात जळत होती. जाताना तिला म्हटलं, उजाडलं की लगेच मालव, घासलेट वाया जाऊ देऊ नकोस. त्या आठवड्यातच ती माझं जुनं पातळ नेसायला लागली होती. पदर तिला आवरत नसे, घोळ पायात येई. तरी मी तिला पदरानेच मालवायला शिकवलं होतं.

प्रसाद घेऊन परत आले तो अंगणात माणसं. चिमणी कोनाड्यात जागच्या जागी होती, तिचा पदर जळाला होता.

वडशाच्या दवाखान्याच्या वाटेवर गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शुद्ध होती. पाणी मागितलं नाही, तुला हाक मारली एकदा. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मावशी, मी फुंकर नाई मारली." दोनदा म्हणाली. मी रागावेन असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, शहाणी गं माझी बाई. त्यावर तिने डोळे मिटले. वडसा यायच्या आधीच ती गेली.

यांनाही हे आजच सांगितलं. ते उठून ओसरीवर जाऊन बसले.

तेव्हा तुझ्या घरी सांग, पोरगी धांदरट नव्हती. सांगितलेलं सगळं ऐकणारी होती. तू तिला चांगलीच वाढवली होतीस. चूक माझी, आणि वर खोटं बोलले तेही मी, तुझ्यासमोर उभं राहवेना म्हणून. अजून देवाला फूल वाहते, पण डोळे वर करून बघवत नाही.

क्षमा कर म्हणत नाही. माझ्याकडे ये म्हणत नाही. दिवेही पुन्हा पाठवणार नाही.

हे पत्र केवळरामच्या हाती देते. तू फोडेपर्यंत तो दारातून हलणार नाही, तसं वचन घेतलं आहे. आत माझा पत्ता घातलेलं एक कार्ड आहे. वाचलं, एवढा एकच शब्द त्यावर लिहून उलट टपाली टाक. शिव्या लिहिल्यास तरी मी त्या कपाळाला लावीन. पण मनकर्णाची बाजू तुला कळली, एवढं मला कळू दे.

तुझ्या लेकीची मावशी,
इंदु