घट उठेपर्यंत

भाद्रपद वद्य १३, शके १८५६. सोलापूर.

म्हणे नियम! धर्मशाळेत तीन दिवस राहायचं, चौथ्या दिवशी निघायचं — दारावरच्या दगडात कोरून ठेवलं आहे. तुळजापूरच्या यात्रेकरूंसाठी संगप्पाशेटच्या वडिलांनी ती बांधली. आज शेटना म्हटलं, ही तीन बिऱ्हाडंही वाटेवरचीच आहेत. म्हणाले, मास्तरीणबाई, यात्रेकरूला घर असतं, तो परत जातो. म्हणजे ज्याला घर आहे त्यालाच आसरा! वा रे न्याय.

संपात होते म्हणून गिरणीनं पुरुषांना काढलं, आणि काम गेलं म्हणून चाळीतल्या खोल्या गेल्या. सात पोरं ओसरीवर पडली आहेत. त्यातल्या दोघी माझ्या वर्गातल्या. आज पाढे म्हणता म्हणता एक बसल्या जागी झोपली. मी उठवलं नाही.

वद्य १४

नवी पेठ पालथी घातली. संपवाले म्हटलं की दार लागतं. एक कापडदुकानदार हसून म्हणाला, तुमच्याच घरी ठेवा की! माझं घर कुठलं? वरचा माळा तेवढा मला. खालचे दोन खण भाऊजींच्या कुलपात, हे गेले तेव्हापासून. घर भाऊजींचं, ते अकलूजला असतात, आणि मी राहते ती त्यांच्या मर्जीनं.

अमावास्या

उद्या बाहेर. काही सुचत नाही.

आश्विन शुद्ध १

धन्य त्या बनाबाईची! मंगळवेढ्याकडची धनगरीण, नवऱ्याबरोबर गिरणीत आलेली. सकाळी गेले ती बोचकी रस्त्यावर दिसणार याच तयारीनं. तर ओसरीच्या कोपऱ्यात टोपलीत काळी माती, त्यात पेरलेला जोंधळा, मधे पाण्याचा घट, वर नारळ, शेजारी दिवा. बाई घट बसवून मोकळी! रखवालदार येडू काठी घेऊन हुसकायला आलेला, तो वहाणा काढून हात जोडून उभा. बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

विचारलं, हे मुद्दाम केलंस का गं?

"वर्साला बसवते की बाई. घर ग्येलं म्हून देवीला कुटं सोडू?"

पण डोळे हसत होते. मी असलं काही मानत नाही, मुलींनाही तेच शिकवते. आज त्या टोपलीला मनापासून हात जोडले.

शुद्ध ४

शेट जातीनं आले. देवी अशी ओसरीवर बरी दिसत नाही, घट वाजतगाजत आमच्या घरी नेतो म्हणाले. बनाबाई जागची उठली नाही.

"न्या की. पर दिव्याला तेल घालाया आमाला संगट यावं लागंल. कुटल्या खोलीत उतरायचं, तेवढं सांगा."

शेट वहाणा शोधू लागले! दसऱ्यापर्यंत राहा म्हणाले, घट उठला की ओसरी झाडून हवी. ते गेल्यावर मी पोट धरून हसले. किती दिवसांनी हसले.

शुद्ध ६

टोपलीत कोंब आले. खोली अजून नाही.

शुद्ध ८

घटाचा दिवा विझू द्यायचा नसतो. तेल संपलं म्हणून बनाबाई पहिल्यांदाच माझ्याकडे आली. जाताना खालच्या कुलपापाशी थांबली. हितं कोण ऱ्हातं? म्हटलं, कुणी नाही.

"मग कुलूप कशापायी, बाई?"

रागच आला मला! कुलूप माझं नव्हे म्हणाले, जरा जोरातच. ती तेल घेऊन गेली. मला जेवण गेलं नाही. गावभर लोकांची दारं ठोठावत फिरते, आणि स्वतःच्या जिन्याखाली दोन खण धूळ खात पडलेत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! संगप्पाशेटना सुनावताना जीभ अडत नाही. भाऊजींचं नाव काढलं की पदर सावरते. भिते मी त्यांना. चांगलीच भिते.

दसरा

घट उठला. येडू खराटा घेऊन उभाच होता — त्याच्याही जिवावर आलं होतं बिचाऱ्याच्या. बनाबाईनं टोपली डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. आता कुटं? मी पुढे चालू लागले. भर नवी पेठेतून आमची वरात! बोचकी, भांडी, पोरं, पोरांच्या कानांवर हिरवे कोंब खोवलेले. तो कापडदुकानदार मापाचा गज हातात धरून बघत राहिला. बघ म्हटलं, नीट बघ!

कुलूप बनाबाईच्या नवऱ्यानं, तात्याबानं, माझ्या वरवंट्यानं फोडलं. आधी विचारलं त्यानं, फोडू नव्हं? फोड म्हटलं. सीमोल्लंघन म्हणतात ते हेच असावं. पोरं धुळीतच झोपून गेली.

शुद्ध १३

भाऊजी आले. कुणी कळवलं कोण जाणे! उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, उद्या ही माणसं निघाली पाहिजेत, नाहीतर तुम्हीही निघा. म्हटलं, मग मीही निघते. आवाज कापला नाही!

ट्रंक भरून खाली आणली, पण उंबऱ्याशीच अडले. बनाबाईनं ट्रंक माझ्या हातातून घेतली, आपल्या बोचक्यांशेजारी ठेवली.

"भिऊ नगा, बाई. धर्मशाळंत तीन दिस मिळत्यात की."