कासवाला लावलेली चाके काढण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मिरवणूक व शिस्त विभाग,
मुलांचे करमणूक उद्यान.

विषय : मिरवणुकीतील कासवाची चाके काढणे व माझ्या नातीवरील प्रवेशबंदी उठवणे.

संदर्भ : ‘मिरवणुकीस अडथळा’ या मथळ्याचे आपले कालचे पत्र.

महोदय,

अर्ज वाचण्यापूर्वी क्षणभर अशी कल्पना करावी की आपली उंची कठड्याच्या खालच्या दांडीएवढी आहे. सकाळपासून आपण पुढची जागा धरून उभे आहात. गाणे सुरू होते, गोदामाचे दार उघडते, आपण टाळीसाठी हात वर करता आणि तोच मिरवणूक संपते. आता उंची पूर्ववत करून पुढे वाचावे.

१. पूर्वी ही मिरवणूक तळ्याला वळसा घालून यायची. आता ती गोदामातून निघते आणि समोरच्या खेळण्यांच्या दुकानात शिरते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले असे आपण म्हणतो. येथे हत्तीची सोंड दुकानात पोचते तेव्हा त्याचे शेपूट गोदामातून निघालेलेही नसते. राणीला हात हलवायला सवड नाही, म्हणून ती हात वर धरूनच बाहेर पडते. लांबून वाटते, बिचारी बाहेर जायची परवानगी मागते आहे. फाटकावरच्या पाटीत ‘भव्य’ हा शब्द मात्र कायम आहे, आणि मिरवणुकीपेक्षा पाटीच लांब भरते. याबाबत मिरवणुकीवर देखरेख करणाऱ्या आपल्या साहेबांना विचारले (मुले त्यांना शिट्टीकाका म्हणतात), तेव्हा ते म्हणाले की पात्रे तेवढीच आहेत, फक्त चालणे कमी केले आहे. तसे असेल तर पात्रांना खुर्च्या द्याव्यात आणि त्यांच्यासमोरून प्रेक्षकांनाच मिरवत न्यावे. नाहीतरी दुकानात आम्हालाच पोचवायचे आहे.

२. एवढ्यासाठी मी अर्ज केला नसता. पण सर्वांत मागे चालणारे कासव गाणे संपेपर्यंत दुकानात पोचत नाही, म्हणून आपण त्याला चाकांच्या फळीवर उभे केले आणि शिट्टीकाका ते मागून ढकलू लागले. कासव हळू चालते, असे मी पहिलीच्या वर्गाला आयुष्यभर शिकवले. आता आपल्या उद्यानातून आलेली मुले माझी चूक सुधारतात.

३. माझी नात बोलताना अडखळते. तिचे वाक्य तोंडातून निघेपर्यंत घरचेदारचे, मायेने का होईना, ते स्वतःच पुरे करून टाकतात. आपल्या नियमाप्रमाणे मुखवटा घातलेल्याने बोलायचे नसते. त्यामुळे कासवाला तिचे वाक्य पुरे करताच येत नाही. ते कठड्याशी थांबायचे, मान तिरपी करायचे आणि वाट पाहायचे. ती त्याच्यासाठीच येते. चाके लागल्यापासून मात्र तिचा पहिला शब्द फुटेपर्यंत कासव दुकानात गडप झालेले असते. घरीही तिने बोलणे टाकल्यासारखेच केले होते.

४. काल ती कठड्याखालून सरकली आणि फळीसमोर जाऊन उभी राहिली. आपण म्हणता तो अडथळा हाच. शिट्टीकाकांनी शिट्टी फुंकली आणि “बाळ, बाजूला हो, गाणं संपतंय,” असे सांगितले. ती हलली नाही. तिने कासवाला विचारले, “तुला... आत... उकडतं का रे?” पूर्ण वाक्य, कोणाच्याही मदतीविना. कासवाने मान डोलावली. शिट्टीकाका फळी ढकलू लागले, तेव्हा तिने तळहात वर केला आणि म्हणाली, “थां... थांबा. तो उत्तर देतोय.”

गाणे संपले. आपली मिरवणूक प्रथमच गाण्यापेक्षा लांब झाली, आणि एकाही प्रेक्षकाने तक्रार केली नाही.

तरी माझ्या नातीवरील बंदी उठवावी, चाके काढावीत आणि कासवाला कठड्याशी थांबू द्यावे. मान डोलावणे म्हणजे बोलणे नव्हे, सबब कासवास जबाबदार धरू नये.

आपल्या पत्रात पुढचा प्रकार राहून गेला आहे, तो नोंदवतो. नंतर तिने गळ्यातली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडले आणि टाचा उंचावून ती कासवाच्या तोंडाशी धरली.

आपला नम्र, आणि अजून कठड्याशीच उभा असलेला,
(सही)
निवृत्त प्राथमिक शिक्षक, सदर मुलीचे आजोबा
दिनांक : आपले पत्र मिळाल्याचा दुसरा दिवस

सोबत : पाण्याची बाटली, रिकामी. (ती कोणी रिकामी केली हे सांगता येणार नाही. त्या वेळी मी चष्मा पुसत होतो.)