गळती शून्य

ता. २ जुलै

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या शिक्षण खात्याने यंदा आम्हा मुख्याध्यापकांचा पिच्छाच पुरवलाय. इतकी वर्षं एक कागद यायचा. पटावर मुलं किती, शाळा सोडली किती, सही, शिक्का, की सुटलो. आता म्हणे प्रत्येक मुलाला वेगळा क्रमांक, वेगळी नोंद, आणि शाळेच्या नावानिशी आकडे सगळ्यांसमोर. तुझी आकडेमोडीची खोड लहानपणीच मोडायला हवी होती.

आता खरं सांगते. माझ्या पटावरची नऊ मुलं शाळेत येतच नाहीत. नाव काढलं की मूल परत येत नाही, असं मी मानत आले. म्हणून नावं ठेवली आणि गळती शून्य लिहिली, सहा वर्षं. त्याबद्दल सत्कारही घेतला. मार्चमध्ये निवृत्त व्हायचंय. या नऊ जणांना कुठल्या रकान्यात बसवू, ते गुपचूप कळव.

तुझी ताई

ता. ८ जुलै

ती. ताईस सा. न.

पत्र वाचून वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. आजूबाजूच्या प्रत्येक शाळेतून मुलं गळत होती आणि तुझ्याकडून एकही नाही. ते कागद माझ्याच टेबलावरून जायचे. बहिणीची शाळा म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढून बसलो. तेव्हा तुला बोल लावायला मला तोंड नाही.

‘परगावी गेले’ असा रकाना आहे. नऊही जण त्यात बसतील, कोणी विचारणार नाही. पण शाळा सुटलेल्या मुलांच्या दुपारच्या वर्गाकडून एक तक्रार आलीय. लाँड्रीत इस्त्री करणारी एक मुलगी तिथे दोनदा गेली आणि दोन्ही वेळा तिला परत पाठवलं. तुझ्या पटावरूनच तिला क्रमांक मिळालाय, आणि त्या नोंदीत ती तुझ्या शाळेत आठवीत शिकतेय. ‘शाळा सोडली’ असं तू लिहिलंस तरच तो वर्ग तिला घेईल. पंधरा तारखेला प्रवेश बंद होतात. तुला शिकवण्याइतका मी मोठा नाही, ताई.

रागावलीस तरी दुरावू नकोस.

तुझा धाकटा

ता. १३ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

नऊही नावांपुढे ‘शाळा सोडली’ लिहिलं. महिनाअखेरीस सगळ्यांना दिसेलच, म्हणून शिक्षकांच्या खोलीत मीच आधी सांगून टाकलं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग लाँड्रीत गेले. मुलगी उंच झालीय. इस्त्री उभी ठेवून तिने मला बसायला स्टूल दिलं. मी झालं ते सांगितलं, तिची माफी मागितली. वर्गात आता घेतील म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं. आपल्या नावापुढे रोज हजेरीची खूण कोण करायचं, असं तिने विचारलं. सातवीपासून तिचा वर्ग माझ्याकडेच, मी म्हटलं, मीच. मग गेल्या वर्षभरात आपण किती दिवस गैरहजर होतो, हेही तिने अगदी कुतूहलाने विचारलं.

चार दिवस, धाकट्या. खरं वाटावं म्हणून मी तिला चार दिवस तापाने आजारी पाडलं होतं. ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी छत्री उचलली आणि निघाले.

हे वाचूनही माया उरली तर असू दे.

तुझी ताई